अर्ज, उमेदवार आणि मुलाखत

नोकरीच्या व्यवहारांत मराठी माणूस जे तीन शब्द पदोपदीं वापरतो, ते तिन्ही फारशीच्या वाटेनें मराठींत आलेले आहेत. ‘अर्ज’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ पुढें मांडणें, सादर करणें. ‘उमेद’ म्हणजे आशा. ती बाळगणारा तो ‘उमेदवार’. आणि ‘मुलाखत’ म्हणजे निव्वळ भेट. मूळ अर्थानें पाहूं गेल्यास, आशा बाळगणाऱ्या माणसानें स्वतःचें म्हणणें समोर मांडावें व त्यावरून भेटीचा योग यावा, एवढाच हा व्यवहार आहे. त्यांत हात जोडणें कोठेंही नाहीं. परंतु शब्दांनाहि इतिहास असतो. ‘उमेदवारी करणें’ याचा अर्थ एके काळीं कचेरींत पगाराशिवाय राबणें असा होता. जागा रिकामी होईल या आशेवर तरुण माणूस महिनेच्या महिने कागद खरडीत बसे. पुढें इंग्रजी अमदानींत साहेबाच्या नांवें अर्ज लिहितांना खालीं ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ अशी सही करण्याचा परिपाठ पडला. या दोन संवयींनीं अर्जास याचनेचें जें रूप आलें, तें अद्यापि पुरतें उतरलेलें नाहीं.

ज्या घरांत पदवी घेऊन नोकरीच्या शोधांत असलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरास या गोष्टीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. पूर्वीं अशा घरांत पोस्टमनची वाट पाहात. आतां मोबाईल वाजण्याची पाहतात. वाट पाहण्यांतील तगमग मात्र तीच आहे. पूर्वीं एक अर्ज सुवाच्य अक्षरांत लिहिण्यास एक संध्याकाळ लागे. आतां एकच कागद एका रात्रींत साठ ठिकाणीं पाठवितां येतो. आणि साठांपैकीं एकाहि ठिकाणाहून उत्तर आलें नाहीं, म्हणजे घरांत दोन मतें निघतात. वडील माणसें म्हणतात, मुलानें अभ्यासांत कसूर केली; मुलगा म्हणतो, जग वशिल्यावर चालतें. दोहोंतही थोडें तथ्य असूं शकेल. परंतु पुष्कळदां दोष मुलाच्या विद्येंत नसतो व जगाच्या नीतींतही नसतो. तो त्या साठ ठिकाणीं गेलेल्या एका कागदांत असतो, आणि त्या कागदाकडे मात्र घरांतील कोणीच पुन्हा पाहिलेलें नसतें.

अर्जाचें प्रयोजन काय, हेंच प्रथम नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. अर्जानें नोकरी मिळत नाहीं. अर्जानें मुलाखत मिळते. नोकरी मिळावयाची ती मुलाखतींत किंवा परीक्षेंत मिळते. म्हणून अर्जांत सगळें आयुष्य सांगण्याची गरज नाहीं. ‘या व्यक्तीस बोलावून पाहावें’ असें वाचणारास वाटावें, इतकेंच काम त्यानें करावयाचें असतें. आणि तो वाचणारा कोण? त्याच्या टेबलावर एका जागेसाठीं आलेले दोनशें कागद आहेत, दुपारीं दुसरी बैठक आहे, आणि ज्या कामाला माणूस हवा आहे तें काम माणसावांचून अडून पडलें आहे. त्याला कोणावर दया करावयाची नसून त्याला स्वतःची अडचण दूर करावयाची आहे. अर्जदारानें क्षणभर आपली खुर्ची सोडून या माणसाच्या खुर्चीवर बसून पाहिलें, तर अर्जांत काय ठेवावें व काय गाळावें हें त्याला आपोआप कळूं लागेल.

समोरच्याची गरज ओळखून लिहिलेल्या अर्जाचा एक जुना दाखला इटलींत सांपडतो. सुमारें १४८२ सालीं लिओनार्दो दा विंची यानें मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्या नांवें लिहिलेल्या पत्राचा मसुदा मिलान येथील आंब्रोझियाना ग्रंथालयांत जपून ठेविलेला आहे. लिओनार्दोचें वय त्या वेळीं तिशीच्या आसपास होतें, आणि फ्लॉरेन्समध्यें चित्रकार म्हणून त्याचें नांव झालेलें होतें. दुसरा कोणी असता तर त्यानें पहिल्या ओळींत चित्रांची यादी दिली असती. लिओनार्दोनें तसें केलें नाहीं. लुदोविकोला लढायांची चिंता होती, हें जाणून त्यानें एकामागून एक कलमें घातलीं: हलके व मजबूत पूल, वेढ्याच्या वेळीं खंदकांतील पाणी काढण्याचे उपाय, तोफा, वरून झांकलेले रणगाडे. शांततेच्या काळीं इमारती बांधणें, पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणें, शिल्प व चित्रकला, या गोष्टी त्यानें अगदीं शेवटच्या कलमांत सांगितल्या. आणि लुदोविकोच्या पित्याच्या स्मरणार्थ व्हावयाच्या कांशाच्या घोड्याचा उल्लेख करावयास तो विसरला नाहीं. यांपैकीं कोणतीही गोष्ट अशक्य वाटल्यास ती प्रत्यक्ष करून दाखविण्यास आपण तयार आहों, असेंही त्यानें लिहिलें. ज्या कलेनें त्याचें नांव पुढें अजरामर झालें, ती त्यानें अर्जांत शेवटीं ठेविली, कारण वाचणारास ती प्रथम नको होती. जाहिरात पुरती न वाचतां अर्ज करणाऱ्या उमेदवारानें हें पत्र मनांत ठेवावें. प्रश्न न वाचतां पाठ केलेलें उत्तर उतरून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला गुण कां मिळत नाहींत, हें प्रत्येक घरांत माहीत असतें. जाहिरात हीहि प्रश्नपत्रिकाच होय.

दुसरा दाखला याच देशांतला आहे, आणि तो अधिक बोलका आहे; कारण त्यांत एकाच माणसाचीं दोन पत्रें आहेत. श्रीनिवास रामानुजन् यांनीं ९ फेब्रुवारी १९१२ रोजीं मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य हिशेबनिसाकडे कारकुनाच्या जागेसाठीं अर्ज केला. एफ. ए. ची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होतां आलेली नव्हती. अर्जांत त्यांनीं ती गोष्ट लपविली नाहीं व तिचें रडगाणेंही गाइलें नाहीं. मॅट्रिक झालों, एफ. ए. पर्यंत शिकलों, अडचणींमुळें शिक्षण पुढें चालवितां आलें नाहीं, सर्व वेळ गणितांत घालवीत आहें, आणि काम नीट करीन असा भरंवसा आहे, इतकाच त्या अर्जाचा आशय होता. त्यांच्या पाठीशीं प्रेसिडेन्सी कॉलेजांतील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचें शिफारसपत्र होतें. १ मार्च १९१२ पासून दरमहा ३० रुपयांवर रामानुजन् कामावर रुजू झाले. कारकुनाच्या जागेस जितकें सांगणें आवश्यक, तितकेंच त्यांनीं सांगितलें होतें.

त्यानंतर वर्षही पुरें झालें नव्हतें, तोंच १६ जानेवारी १९१३ रोजीं त्याच कारकुनानें केंब्रिजच्या जी. एच्. हार्डी यांना पत्र लिहिलें. त्यांत प्रारंभींच आपण पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यांत अल्प वेतनावर काम करणारे कारकून आहों व विश्वविद्यालयाचें शिक्षण आपणांस नाहीं, हें त्यांनीं सांगून टाकलें. परंतु या पत्राचें बळ त्या ओळींत नव्हतें. तें सोबत जोडलेल्या पानांत होतें. त्या पानांवर सूत्रांमागून सूत्रें मांडलेलीं होतीं. केंब्रिजच्या आणखी दोघा गणितज्ञांस त्यांनीं पूर्वीं लिहिलें होतें. तेथून कांहीं निष्पन्न झालें नव्हतें. हार्डींनीं मात्र तीं पानें आपले सहकारी लिटलवुड यांच्यासह बसून तपासलीं, आणि हा माणूस असामान्य आहे हें त्यांनीं ओळखलें. १९१४ सालीं रामानुजन् केंब्रिजला गेले. १९१८ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. या दोन पत्रांचा अर्थ उघड आहे. पदवी नसणें ही उणीव पहिल्या पत्रांत साध्या शब्दांनीं व दुसऱ्यांत प्रत्यक्ष कामानें भरून काढलेली आहे. ‘मी हुशार आहें’ हें वाक्य हार्डींना वाचावें लागलें नाहीं. तें त्यांना स्वतःच ठरवितां आलें. चांगला अर्ज हें असें असतें. तो गुणांचा दावा करीत नाहीं, पुरावा पुढें ठेवतो, आणि निर्णय वाचणारावर सोडतो.

आतां अर्जासोबत जोडावयाच्या परिचयपत्राविषयीं. त्यास कोणी रेझ्युमे म्हणतात, कोणी सी. व्ही. मराठी घरांत मात्र ‘बायोडाटा’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या कागदांना लावतात. एक लग्नासाठीं व दुसरा नोकरीसाठीं. नांव एक असल्यामुळें पहिल्यांतील पुष्कळ मजकूर दुसऱ्यांत नकळत शिरतो. वडिलांचें नांव व धंदा, जात, उंची, विवाहित कीं अविवाहित, भावंडें किती, छंद कोणते, या गोष्टी वधूवरांच्या बैठकीस शोभतात. हिशेबनिसाच्या किंवा अभियंत्याच्या जागेस त्यांचा उपयोग नाहीं. सरकारी जागेच्या अर्जांत नमुन्याप्रमाणें जें विचारलें असेल, तें अर्थात् भरलेंच पाहिजे. परंतु खाजगी नोकरीच्या परिचयपत्रांत ही माहिती केवळ जागा अडविते. नुकत्याच पदवीधर झालेल्याचें परिचयपत्र एका पानांत मावावें; अनुभवी माणसाचें दोन पानांत. वरच्या भागांत नांव, मोबाईलचा क्रमांक, ई-मेलचा पत्ता व गांव. त्याखालीं, जी जागा मागावयाची तिला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट. ती पदवी असेल तर पदवी, अनुभव असेल तर अनुभव. त्यानंतर बाकीचें, अलीकडचें आधीं व जुनें नंतर.

या मजकुराची भाषा कशी असावी, हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. वाणिज्य शाखेची पदवीधर असलेली एक मुलगी दोन वर्षें गांवच्या पतसंस्थेंत काम करून पुण्याच्या एका कंपनींत हिशेब विभागाची जागा मागत आहे. तिचा पहिला मजकूर असा: ‘पतसंस्थेंत लेखनिक म्हणून काम केलें. मेहनती, प्रामाणिक व सर्वांशीं मिळून-मिसळून काम करण्याची आवड.’ हेंच वर्णन त्या दोनशें कागदांपैकीं दीडशांत असेल. आतां तोच मजकूर दुसऱ्या रीतीनें: ‘दोन वर्षें दररोज सुमारें ८० पावत्यांची नोंद केली व दिवसअखेर रोकड मेळ घातला. लेखापरीक्षणापूर्वीं मागील तीन वर्षांच्या हातनोंदी चार महिन्यांत संगणकावर चढविल्या.’ येथें ‘मेहनती’ हा शब्द नाहीं, आणि ‘प्रामाणिक’ हाही नाहीं. पण ज्या मुलीच्या हातीं संस्थेनें दोन वर्षें रोकड सोंपविली, तिच्याविषयीं वाचणारानें काय समजावयाचें तें तो समजतो. विशेषणें काढून त्यांच्या जागीं क्रियापदें व आंकडे घालणें, हा परिचयपत्र सुधारण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे. आंकडे अर्थात् खरे असावेत.

ज्याला नोकरीचा अनुभवच नाहीं, त्यानें काय लिहावें, असा प्रश्न येथें निघेल. परंतु अनुभव म्हणजे केवळ पगाराची नोकरी नव्हे. वडिलांच्या दुकानांत सुट्टींत मालाची नोंद ठेवणें, गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च लिहून तो सभेपुढें मांडणें, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत पन्नास जणांच्या जेवणाची व्यवस्था पाहणें, महाविद्यालयांत शेवटच्या वर्षीं केलेला प्रकल्प, ही सर्व कामेंच आहेत. हीं कामें तरुण माणसें सांगतच नाहींत, कारण घरांत त्यांना कोणी काम म्हटलेलें नसतें. येथें वडील मंडळींचें खरें साह्य होऊं शकतें. मुलाच्या वतीनें ओळखी काढीत फिरण्यापूर्वीं त्यांनीं एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसून, ‘तूं आजवर काय काय केलेंस’ एवढें विचारून लिहून घ्यावें. अर्ध्या तासांत पानभर मजकूर निघतो, व त्याबरोबर मुलाचा स्वतःवरचा विश्वासही थोडा परत येतो.

परिचयपत्रासोबत लहानसें पत्र पाठवावयाचें असतें. तें लिहितांना शाळेंतील रजेच्या अर्जाचा सांचा हाताला इतका वळलेला असतो, कीं ‘खालीं सही करणार सविनय विनंतिअर्ज करतो’ हेंच प्रथम कागदावर उतरतें. त्याची गरज नाहीं. पहिल्या परिच्छेदांत कोणती जागा व तिची जाहिरात कोठें पाहिली. दुसऱ्यांत जाहिरातींत मागितलेल्या गोष्टींपैकीं दोन किंवा तीन गोष्टींचा पुरावा. तिसऱ्यांत भेटीस केव्हां येतां येईल, व खालीं नांव. इतकें पुरे. घरची परिस्थिति बिकट आहे, बहिणीचें लग्न व्हावयाचें आहे, वडील निवृत्त झाले आहेत, या गोष्टी खऱ्या असल्या तरी त्या अर्जांत घालूं नयेत. त्यांत लाज बाळगण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु वाचणाराला त्या वाचून वाईट वाटलें, तरी त्याचें अडलेलें काम त्यानें होत नाहीं. कनवाळू माणूस हळहळून कागद बाजूला ठेवतो, इतकेंच.

अर्जांतील असत्याविषयीं दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. सहा महिन्यांचें काम वर्षाचें करणें, न येणारी भाषा ‘येते’ म्हणून लिहिणें, दुसऱ्याचा प्रकल्प स्वतःच्या नांवावर दाखविणें, यांस कित्येक जण व्यवहारचातुर्य समजतात. पुष्कळ मोठ्या कंपन्या नेमणुकीपूर्वीं किंवा नंतर जुन्या मालकांकडे व विद्यापीठांकडे चौकशी करवून घेतात, आणि खोटें सांपडल्यास रुजू झालेल्या माणसालाहि कामावरून काढतात, हें एक कारण झालें. दुसरें कारण मुलाखतीच्या खोलींतलें आहे. मुलाखत घेणारांच्या हातांत प्रश्नांची निराळी यादी पुष्कळदां नसतेच. त्यांच्यापुढें असतो तो उमेदवाराचाच कागद. त्यावर बोट ठेवून ते विचारतात. म्हणजे मुलाखतीची प्रश्नपत्रिका मोठ्या अंशीं उमेदवार स्वतःच काढीत असतो. ज्या प्रश्नाचें उत्तर येत नाहीं, तो प्रश्न स्वतःच्या हातानें पत्रिकेंत घालणारा परीक्षार्थी शहाणा म्हणतां येणार नाहीं. उलट, जें काम खरोखर केलें त्याची ओळ कागदावर ठळक असली, तर प्रश्न तिकडेच वळतो, आणि बोलतांना जीभ अडखळत नाहीं. मुलाखतीस जाण्यापूर्वीं परिचयपत्रांतील प्रत्येक ओळीवर दोन मिनिटें बोलतां येतें कीं नाहीं, हें घरींच मोठ्यानें बोलून पाहावें. जी ओळ बोलतां येत नाहीं, ती पुढच्या अर्जांत ठेवूं नये.

हल्लींच्या अर्जाला आणखी एक वाचणारा भेटतो. तो म्हणजे यंत्र. मोठ्या कंपन्यांत येणारे अर्ज प्रथम संगणकाच्या प्रणालींत जातात. ती त्यांतील मजकूर वेगळा काढते, जाहिरातींतील शब्दांशीं ताडून पाहते, आणि मग अधिकारी त्यांतून निवड करतात. या यंत्राला सौंदर्याची पारख नसते. दोन स्तंभांत मांडलेला मजकूर, चौकटी, चित्रें, रंगीत पट्टे यांमुळें पुष्कळदां त्याचें वाचन चुकतें. म्हणून मांडणी साधी असावी, मथळे नेहमींचेच असावेत, आणि जाहिरातींत ज्या कौशल्याला जें नांव दिलें असेल, तें कौशल्य खरोखर येत असल्यास तेंच नांव लिहावें. जाहिरातींतील सगळे शब्द कागदावर नुसते पसरून ठेवणें मात्र व्यर्थ होय. यंत्राच्या पलीकडे शेवटीं माणूस बसलेलाच असतो. अर्जाच्या फाइलला स्वतःचें नांव द्यावें. ‘नवीन बायोडाटा शेवटचा’ अशा नांवाच्या दहा फाइली एका दिवसांत आल्या, तर त्या कोणाच्या हें अधिकाऱ्यास कसें कळावें? यंत्राकडून सुबक अर्ज लिहवून घेण्याचीही आतां सोय झाली आहे. व्याकरण तपासण्यास तिचा उपयोग जरूर करावा. परंतु यंत्राला उमेदवाराच्या ८० पावत्या व चार महिने ठाऊक नसतात, आणि अर्जाचा प्राण तर तेवढाच असतो.

सरकारी जागांची रीत निराळी आहे. तेथें नमुना ठरलेला, परीक्षा ठरलेली. शैलीला वाव नाहीं, पण अचूकपणाला फार मोल आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नांव व आधार पत्रावरील नांव यांत फरक असणें, जातीचें किंवा उत्पन्नाच्या मर्यादेचें प्रमाणपत्र मुदतींत न मिळणें, शेवटच्या रात्रीं संकेतस्थळावर गर्दी होऊन शुल्क न भरलें जाणें, यांमुळें वर्षाचा अभ्यास पाण्यांत जातो. केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ अराजपत्रित जागांसाठींच्या मुलाखती बंद केल्या. तेव्हां तेथें लेखी परीक्षा व कागदपत्रें यांवरच सर्व भिस्त असते. कागदपत्रांची एक थैली जाहिरात येण्यापूर्वींच तयार ठेवणें, हें या वाटेवरचें पहिलें काम होय. आणि दोन्ही वाटांवर एक गोष्ट सारखीच लागू आहे: नोकरी देण्यापूर्वीं अनामत, नोंदणी किंवा शिक्षण शुल्क म्हणून खाजगी खात्यावर पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो. परीक्षेचें जाहीर शुल्क वेगळें, व फोनवर मागितलेले पैसे वेगळे. या फसवणुकींत गरजू घरेंच प्रथम सांपडतात.

वशिल्याचा प्रश्न राहतो. शिफारस व वशिला यांत भेद आहे. आल्बर्ट आइन्स्टाइन १९०० सालीं झुरिच येथून पदवी घेऊन बाहेर पडला, आणि प्राध्यापकांकडे साहाय्यकाच्या जागेसाठीं अर्ज करीत राहिला. लाइपझिगचे रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांस त्यानें १९०१ सालीं स्वतःचा छापील निबंध पाठविला. उत्तर आलें नाहीं. मुलाच्या नकळत त्याच्या वडिलांनींही ओस्टवाल्ड यांस पत्र लिहिलें; त्याचाही उपयोग झाला नाहीं. शेवटीं मार्सेल ग्रोसमान या वर्गमित्राच्या वडिलांनीं बर्नच्या पेटंट कचेरीच्या संचालकांकडे शब्द टाकला, आइन्स्टाइनची मुलाखत झाली, आणि १९०२ सालीं तिसऱ्या वर्गाचा तांत्रिक परीक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. याच ओस्टवाल्ड यांनीं पुढें १९१० च्या नोबेल पारितोषिकासाठीं आइन्स्टाइनचें नांव सुचविलें. या हकीकतींत दोन गोष्टी आहेत. ज्यानें काम पाहिलें आहे, त्यानें त्या कामाची ग्वाही देणें ही शिफारस. तिची मागणी करण्यांत कमीपणा नाहीं. ज्यानें काम पाहिलें नाहीं, त्यानें केवळ नात्यासाठीं किंवा पैशासाठीं दुसऱ्याची जागा हिरावून देणें हा वशिला. आणि दुसरी गोष्ट अशी, कीं उत्तर न येणें हा उमेदवाराच्या लायकीवर दिलेला निकाल नव्हे.

कधीं कधीं तर तो निकाल कागद वाचण्याच्या आधींच झालेला असतो, हेंही लपवून चालणार नाहीं. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनीं भारतांतील इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना उत्तर म्हणून सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नांवांनीं पाठविले. फरक होता तो केवळ आडनांवावरून कळणाऱ्या जातीधर्माचा. २००७ सालीं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ मध्यें त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. उच्चवर्णीय हिंदु नांवाच्या अर्जास पुढें बोलावणें येण्याचा जो संभव, त्याच्या मानानें दलित नांवाच्या अर्जाचा संभव संख्याशास्त्राच्या मापानें सुमारें दोन-तृतीयांश, व मुसलमान नांवाच्या अर्जाचा सुमारें एक-तृतीयांश आढळला. पदवी तीच, अनुभव तोच, कागद तोच. अशा उमेदवाराला ‘अर्ज नीट लिही’ एवढाच उपदेश करून थांबणें हें अन्यायास हातभार लावण्यासारखें आहे. सुशिक्षित घरांतील अनेक कर्तीं माणसें स्वतः टेबलाच्या पलीकडच्या बाजूस बसतात. अर्ज चाळतांना आडनांव झांकून प्रथम काम वाचावें, सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारावे, आणि ज्यांना बोलावलें नाहीं त्यांना दोन ओळींचें उत्तर तरी पाठवावें, इतकें त्यांच्या हातीं निश्चित आहे. ज्या घरांत स्वतःच्या मुलाचा फोन वाजत नाहीं म्हणून हळहळ होते, त्या घरांतील अधिकाऱ्यानें दुसऱ्यांच्या मुलांना निरुत्तर ठेवावें, हें शोभत नाहीं.

उमेदवाराच्या हातीं जें आहे, तें त्यानें शिस्तीनें करावें. त्यासाठीं एक साधी वही पुरे. तींत प्रत्येक अर्जाची तारीख, जागा, पाठविलेल्या कागदाची प्रत व उत्तर आलें कीं नाहीं, हें लिहीत जावें. साठ अर्ज एका रात्रींत धाडण्यापेक्षां आठवड्यांत पांच, प्रत्येक जाहिरात वाचून व प्रत्येक वेळीं कागद थोडा बदलून, हें अधिक फलदायी होतें. पंधरावीस अर्जांनंतर वही उघडून पाहावी. बोलावणेंच येत नसेल, तर दोष कागदांत आहे, किंवा ज्या जागा मागितल्या त्या पात्रतेशीं जुळत नाहींत. कागद बदलावा, एकाद्या अनुभवी माणसास दाखवावा, जागांची निवड बदलावी. बोलावणें येतें पण निवड होत नसेल, तर कागद आपलें काम करीत आहे; मेहनत मुलाखतीच्या तयारीवर घ्यावी. ही वही ठेवणारा उमेदवार दैवाला किंवा स्वतःला सरसकट बोल लावीत बसत नाहीं, कारण कोणता टप्पा अडला आहे हें त्याला दिसत असतें. आणि घरांतल्यांनींही रोज ‘कांहीं कळलें का’ असें विचारण्यापेक्षां आठवड्यांतून एकदां त्याच्याबरोबर ती वही पाहावी. विचारपूस तितकीच होते, आणि तिचा जाच होत नाहीं.